जोडीचा खेळ

पौर्णिमा बोलायला कमी. आरोग्य खात्याची आशाताई म्हटलं की दारोदार फिरून तोंडाचा पट्टा चालवणारी बाई डोळ्यांसमोर येते. ही दारात उभी राहायची, "तब्येत कशी हाय?" एवढं विचारायची आणि उत्तर मिळालं की पुढच्या घरी. तरी गावाचा भरवसा तिच्यावरच होता. सुनेला कळा सुरू झाल्या की आधी पौर्णिमाला निरोप जायचा आणि मग शेतात असलेल्या नवऱ्याला.

आमचं गाव तळेगाव श्यामजीपंतहून आत, संत्र्याच्या बागा संपतात तिथं. नाल्याअलीकडे आम्हा बौद्धांची वस्ती, पलीकडे गोंडांची, आणि दोन्हींच्या मधे अंगणवाडी. मी त्या अंगणवाडीची सेविका. दुपारी लेकरं घरी गेली की पौर्णिमा माझ्याकडे ओसरीवर टेकायची. त्यामुळे पुढे जे झालं ते बरंचसं माझ्यासमोर झालं, आणि जे माझ्यामागे झालं ते तिनं मला सांगितलं.

तिचा धाकटा भाऊ रुपेश सिकलसेलनं गेला होता. हा आजार आमच्याकडे घराघरांतून आहे, पण रुपेश लहान होता तेव्हा त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पोराचे हातपाय सुजायचे, तेव्हा आई नजर काढायची. मोठा झाला तसे गुडघे, कंबर, छाती असं काही ना काही धरायचं. खाटेवर पडून तो गरम विटेनं गुडघे शेकत बसायचा आणि येणारे-जाणारे म्हणायचे, "कापूस वेचाले जा म्हटलं की याचे पाय दुखतात." बाप तर तोंडावर कामचोर म्हणायचा. ऐन तारुण्यात, वर्ध्याला नेताना, गाडीतच त्याचा श्वास थांबला. त्याच्या मागून काही वर्षांनी पौर्णिमा आशाताई झाली. प्रशिक्षणात फळ्यावर आकृती काढून शिकवलं की आई आणि बाप दोघंही वाहक असले तरच असं लेकरू होतं, आणि वाहक म्हणजे स्वतः धडधाकट माणूस, फक्त त्याच्या रक्तात एक बाजू सिकलची. "त्या दिवशी मी डबा खाल्लाच नाई," ती मला म्हणाली होती. "बाबा त्याले कामचोर म्हनत गेला, अन् तो आजार आमच्याच आईबापानं दिलेला होता. दोघाइलेही मालूम नाई." तिचंही रक्त तपासलं. ती वाहक निघाली. नवरा वाहक नव्हता, म्हणून तिची लेकरं वाचली.

सिकलसेलच्या जनजागृतीसाठी तालुक्याहून एक फ्लेक्स आला. त्यावर मोठी सापशिडी छापलेली. 'लग्नापूर्वी तपासणी केली' अशी शिडी, 'तपासणी टाळली' असा साप. पौर्णिमानं तो आमच्या ओसरीवर पसरला आणि पोरी-बायांना बोलावलं. पहिल्या दिवशी बऱ्याच आल्या. फासे टाकले, चढल्या, उतरल्या, घरी गेल्या. पुढच्या वेळी तीन पोरी आल्या, त्याही चहा असेल म्हणून.

त्या तिघींत एक स्वीटी होती. नाल्यापलीकडच्या भागाबाईची लेक. आर्वीला बारावीपर्यंत एसटीनं जाऊन-येऊन शिकली, मग घरी शिलाई मशीन घेऊन बसली होती. सावळी, ठेंगणी, बोलण्यात वाघीण. तिनं सापशिडीकडं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, याच्यात मी करू काय? फासा जे सांगते ते करा लागते. नंबर आला तं तपासनी केली, नाई आला तं नाई केली. माही अक्कल कुठी लागते याच्यात?"

ते वाक्य पौर्णिमाला लागलं. दोन-तीन आठवड्यांनी ती पिशवीत चिंचोके घेऊन आली. निम्मे चिंचोके कोरे, निम्म्यांवर तिच्या पोरीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका.

खेळ सोपा होता. जिनं-तिनं पिशवीत न पाहता हात घालायचा आणि दोन चिंचोके काढायचे. एक आईकडून आला, एक बापाकडून. ठिपका म्हणजे सिकलसेल. मग आपल्याला जोडीदार शोधायचा. जोडी जमली की एकमेकींच्या मुठीतून न पाहता एकेक चिंचोका उचलायचा. ते दोन मिळून झालं लेकरू. परत ठेवायचे, पुन्हा उचलायचे, अशी तीन लेकरं. कोरं किंवा एका ठिपक्याचं लेकरू धडधाकट, त्याचे तुरीचे दाणे मिळायचे. दोन ठिपक्यांचं निघालं की ते आजारी, आणि ते घर बसलं, म्हणजे खेळातून बाद.

पहिल्यांदा सगळ्यांचे चिंचोके उघडे तळहातावर होते. त्यानं वाट लागली. सगळ्या पोरी कोऱ्यावालींकडं धावल्या, आणि एका लहान पोरीच्या हातावर दोन्ही ठिपक्यांचे आले होते, ती तळहात पुढं करून बसून राहिली. तिच्याकडं कुणी गेलंच नाही. थोडा वेळ बसली, मग चिंचोके खाली ठेवून घरी निघून गेली. खेळ तिथंच संपला.

"सगळंच दिसते तं खेळाचं काय राह्यलं?" स्वीटी म्हणाली. "मूठ बंद ठेवू द्या ताई. जिले खरं सांगाचं तिनं खरं सांगाव, जिले खोटं बोलाचं तिनं खोटं. अन् जिले भरवसा नाई तिनं तपासनी मांगाव. पण तपासनी फुकट नाई. पाच दाने मोजा लागतीन."

पौर्णिमा हसली. ती हसते तेव्हा तिच्या गालाला खळी पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

मूठ बंद झाली आणि खेळाला जीव आला. ज्या बायांनी आजवर सिकलसेल हा शब्द उच्चारला नव्हता त्या एकमेकींची हनुवटी धरून विचारू लागल्या, "खरं सांग वं, ठिपका हाय का तुह्याजवळ?" दाणे वाचवायला तपासणी टाळायची आणि तिसऱ्या लेकराला दोन ठिपके निघाले की कपाळावर हात मारायचा. कापूस वेचून आलेल्या बाया ओटीतली बोंडं तशीच घेऊन ओसरीवर बसायच्या. नाल्याच्या दोन्हीकडच्या बाया एका चटईवर एवढा वेळ बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. स्वीटी सगळ्यांत पटाईत. दोन्ही ठिपक्यांचे मुठीत असले तरी ती डोळ्याला डोळा भिडवून म्हणायची, "मावशी, तुमची शपथ, दोन्ही कोरे." आणि लोक फसायचे.

रक्ततपासणीचं शिबिर लागलं तेव्हा ओसरीवर रांग लागली. तालुक्याच्या मॅडम म्हणाल्या, एवढी माणसं कुठल्याच गावातून आली नाहीत. ज्यांची तपासणी वाहक म्हणून आली त्यांना पिवळी कार्डं मिळाली. स्वीटीलाही मिळालं. तिनं ते पाहिलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता मले खेळात खोटं बोलाची सवय हाय तं खऱ्यात खरं सांगीन."

पौर्णिमाला मात्र एक गोष्ट खटकत होती. खेळ मांडला होता तो यासाठी की एक ठिपकावाली आणि दोन कोरेवाला यांची जोडी लागली तर लेकराला दोन ठिपके कधीच निघत नाहीत, हे बायांनी आपल्या हातानं बघावं. पण ते कुणी बघतच नव्हतं. सगळा रंग खोटं पकडण्यात. तिनं एक नियम घातला. जी आपणहून मूठ उघडून ठिपका दाखवेल आणि कोऱ्या जोडीदाराशी जोडी करेल, तिला दुप्पट दाणे. दोन दिवस पोरींनी तसं केलं. मग सोडून दिलं.

"दाने तं भेटतात," पोरी म्हणायच्या, "पण मजा नाई येत."

"जाऊ दे," पौर्णिमा मला म्हणाली. "येऊन तं राह्यल्या न."

तोवर गावात नवा शब्द आला होता. पाणवठ्यावर, बसस्टॉपवर, चक्कीवर बाया दबक्या आवाजात म्हणायच्या, "त्यांच्या घरात ठिपका हाय म्हंते." हसत म्हणायच्या. पौर्णिमा ऐकायची आणि चालत राहायची.

त्याच वर्षी स्वीटीची सोयरीक आली. मुलगा कुंदन, आर्वीजवळच्या गावचा, आर्वीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला. दोघांची आधी फोनवर ओळख होती, ते भागाबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं. कुंदनची आई आनंदाबाई दोन नातेवाइकांना घेऊन पोरगी बघायला आली. जेवायला वेळ होता. पाहुण्यांना ओसरीवरचा कालवा ऐकू आला आणि आनंदाबाई सहज म्हणाल्या, "काय खेळून राह्यल्या पोरी? मलेही शिकवा."

त्या बसल्या. चांगल्या खेळल्या. हसऱ्या बाई होत्या, मोकळ्या. शेवटी त्यांची जोडी स्वीटीशी लागली. "सांग वं पोरी, काय हाय मुठीत?" स्वीटीनं पापणी न लववता सांगितलं, "तुमच्या पायाची शपथ, दोन्ही कोरे." आनंदाबाईंनी तपासणी मागितली नाही. पहिल्याच लेकराला दोन ठिपके निघाले. सगळी ओसरी हसली. आनंदाबाईही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. स्वीटीला त्यांनी पसंत केलं, जेवल्या, ओटी भरून गेल्या.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. खेळाचं कौतुक केलं आणि मग विचारलं, "पोरीची तपासनी झाली असंन न? कार्ड काय म्हंते?"

स्वीटीनं काहीही लपवलं नाही. पिवळ्या कार्डाचा फोटो काढून पाठवला. कुंदन त्याच आठवड्यात आर्वीच्या दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला. त्याचं चांगलं निघालं, कुठलाच दोष नाही. म्हणजे खेळाच्या भाषेत दोन्ही कोरे. पौर्णिमाला हायसं वाटलं. ती म्हणाली, "आता काई अडचनच नाई." पण तिकडून निरोप आला की सोयरीक थांबवू.

आम्ही दोघी गेलो. एसटीनं आर्वी, तिथून ऑटो. पौर्णिमाच्या पर्समध्ये चिंचोक्यांची पिशवी होती. आनंदाबाईंनी चहा केला, आमचा मान ठेवला. कुंदन कोपऱ्यात बसून मोबाइलच्या कव्हराची कड नखानं खरवडत होता.

पौर्णिमानं स्टुलावर चिंचोके मांडले. इकडं कुंदनचे दोन कोरे, तिकडं स्वीटीचा एक कोरा, एक ठिपक्याचा. "तुम्हीच उचला," ती म्हणाली. आनंदाबाईंनी एकेक करत कितीतरी वेळा उचलले. एकदाही दोन ठिपके आले नाहीत. येणारच नव्हते.

"समजलं मले," आनंदाबाई म्हणाल्या. "लेकरू बिमार नाई होत. बरोबर?"

"बरोबर. कधीच नाई होत."

मग त्यांनी उचललेल्या जोड्या स्टुलावर ओळीनं लावल्या. निम्म्या जोड्यांत एकेक लाल ठिपका होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पण हे पाहा. हे माहे नातू. याइच्या हातात ठिपका आला न? उद्या याइच्या लग्नाच्या वक्ती असंच कार्ड मांगत फिराव लागन. आज माह्या घरात ठिपका नाई पौर्णिमाबाई. मी आपल्या हातानं कायले आनू?"

"मी खुद ठिपकावाली हाय," पौर्णिमा म्हणाली. "माह्या नवऱ्यानं केलंच न लग्न. दोन लेकरं हायेत, शाळेत जातात."

"त्याले मालूम होतं का, लग्नाच्या वक्ती?"

पौर्णिमा चिंचोके पिशवीत भरू लागली. तेव्हा ते तिलाच माहीत नव्हतं.

कुंदन एकदा "आई..." म्हणाला. आनंदाबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. परतीच्या गाडीत पौर्णिमा खिडकीशी बसली होती. पुलगावचा फाटा मागं पडला तेव्हा म्हणाली, "त्या बाईचं काईच चुकलं नाई. मी जे शिकवलं तेच ती शिकली. ठिपका वाईट."

सोयरीक मोडली आणि कारण गावभर झालं. आमच्याकडं सोयरिकी मोडतात, पण त्याचं कारण असं बोटावर दाखवता येत नाही. इथं तर शब्दच तयार होता. भागाबाईच्या दारात येणारी दोन स्थळं त्यानंतर आलीच नाहीत. गोंडवस्तीतल्या आणखी एका घरानं शिबिरात मिळालेलं कार्ड चुलीत घातलं, असं मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. पुढच्या शिबिराला ओसरी रिकामी होती.

पौर्णिमानं खेळ बदलायचा खूप प्रयत्न केला. ठिपका पुसून त्याजागी फुलाचं चित्र काढलं. खोटं बोलणं बंद केलं. खोटं बोलणारीला दंड लावला. तेव्हा पोरी म्हणायच्या, "पह्यलेचा खेळू न ताई." तिनं पिशवी कुलपात टाकली. पण चिंचोके काय, प्रत्येकाच्या घरात असतात. पोरी आपल्याच अंगणात खेळू लागल्या.

वर्ष सरायच्या आत भागाबाईनं हिंगणघाटकडचं एक स्थळ जमवलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, शांत स्वभावाचा, दारू-गुटखा काही नाही. पौर्णिमा भागाबाईच्या घरी गेली. अंगणात मी मागं उभी होते.

"भागाबाई, पोराची तपासनी झाली का?"

भागाबाई तांदूळ पाखडत होती. हात थांबला नाही. "एक डाव खेळवला तू, तं माह्या पोरीचं नाव गावोगावी झालं. आता आनखी काय खेळवाचं हाय?"

"त्याचं रक्त फक्त पाहाचं. स्वीटीचं नाव नाई सांगत मी. सगळ्याच पोराइचं करतो, असं सांगीन."

"सगळ्याइले मालूम हाय तू कोनासाठी येतं ते. माह्या दारात येऊ नोको बाई. हात जोडतो."

परत येताना नाल्याच्या उतारावर स्वीटी भेटली. डोक्यावर कपड्यांचं बोचकं होतं. आम्हाला पाहून थांबली.

"तुम्ही जाऊन सांगान का तिकडं?" तिनं विचारलं.

"तू सांग," पौर्णिमा म्हणाली. "त्यालेच सांग. फोनवर सांग."

"नाई सांगत मी." तिच्या आवाजात राग नव्हता. ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. "मी खरं सांगून पाह्यलं ताई. खेळात खोटं बोलत होतो तं सगळे माह्यासंगं जोडी लावत होते. खरं बोललो तं कोनीच नाई."

"अन् तोही वाहक असला तं?"

"नसला तं?" ती म्हणाली आणि बोचकं सावरून उतारावरून गेली.

पौर्णिमा त्या दिवसांत फार वाळली. आशाताईला कुणाचं कार्ड कुणाला सांगायची परवानगी नसते, आणि तसंही सांगितलं तर दुसरं लग्न तिच्या हातून मोडणार होतं. न सांगितलं तर काय होऊ शकतं ते तिनं स्वतःच्या घरात पाहिलं होतं. ती मला विचारायची, "काय करू?" शेवटी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. लग्नाला गेली, अक्षता टाकल्या, मागच्या पंगतीत बसून वरण-भात कालवला आणि तसाच ठेवून उठली.

पावसाळ्यात एकदा विहाराच्या पायरीवर चार-पाच लहान पोरी चिंचोके खेळत होत्या. आम्ही दोघी समोरून जात होतो. एका पोरीची मूठ दुसरीनं जबरदस्तीनं उघडली आणि सगळ्या ओरडल्या, "स्वीटी केली! तिनं स्वीटी केली!"

ठिपका लपवून जोडी लावणं, याला त्या 'स्वीटी करणं' म्हणत होत्या. त्यातल्या निम्म्यांना स्वीटी कोण हेही आठवत नसेल. पौर्णिमानं झडप घालून चिंचोके उधळले. एका पोरीच्या पाठीत धपाटा घातला. मी तिला कधी कुणा लेकरावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. पोरी घाबरून पळाल्या. ती पायरीवर बसली आणि ओल्या मातीत पडलेले चिंचोके वेचू लागली.

लग्नाचं दुसरं वर्ष सरत आल्यावर स्वीटी बाळ घेऊन माहेरी आली. सात-आठ महिन्यांचा पोरगा. बाळ सारखं रडत होतं, म्हणून भागाबाईनं नजर काढली, तेल लावलं, ओव्याचा शेक दिला. चौथ्या दिवशी स्वीटी त्याला घेऊन एकटीच अंगणवाडीत आली. पौर्णिमा लसीकरणाची तयारी करत होती. स्वीटीनं दुपटं बाजूला केलं.

बाळाचे दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत सुजले होते. बोटं फुगून टणक झालेली, हात लावला की किंचाळत होतं. पौर्णिमानं ते हात पाहिले. असे हात तिनं लहानपणी आपल्या मांडीवर घेतले होते.

"तेच हाय न?" स्वीटीनं विचारलं.

"तपासल्याबिगर काई सांगता नाई येत."

"ताई."

"हो," पौर्णिमा म्हणाली. "तेच वाटते."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पक्कं झालं. जावयाचंही रक्त घेतलं. तो वाहक निघाला. तो भांडला नाही, ओरडला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून स्वीटीला म्हणाला, "तू सांगतलं असतं तरी मी लग्न केलंच असतं." नंतर ती मला म्हणाली की या वाक्यानं तिला सगळ्यात जास्त त्रास दिला. खरं असेल तर तिनं उगाच लपवलं. खोटं असेल तर तो उरलेलं आयुष्य तिच्याशी चांगलं वागायचं म्हणून वागणार. यातलं कुठलं खरं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. त्याच्या आईला मात्र काय वाटतं ते पहिल्या दिवसापासून कळलं. सासूनं पाणी तापवून देणंसुद्धा बंद केलं, आणि स्वीटी बाळाला घेऊन माहेरीच राहू लागली. जावई सुट्टीच्या दिवशी येतो. पूर्वी दर सुट्टीला यायचा, आता जमेल तसा.

मागच्या उन्हाळ्यात एकदा स्वीटी ओसरीवर बाळाला झोपवून बसली होती. तिनं पौर्णिमाला म्हटलं, "ताई, तुमच्या खेळात दोन ठिपक्यांचं लेकरू निंगालं की घर बसते. खेळ खतम. असं कोनी ठरवलं?"

"मीच ठरवलं."

"मंग आता माहं घर बसलं का? हा तं हाय न. दूध मांगते, पानी मांगते, हसते बी. खेळ तं इथून सुरू होते ताई."

दोघींनी नवा खेळ केला. दोन ठिपक्यांचं लेकरू झालं की घर बाद होत नाही. दर फेरीला त्याला पाणी पाजायचं, गोळी द्यायची, थंडीपासून जपायचं, ताप आला की गाडी धरायची. हे करायला दाणे लागतात, आणि एका घराचे पुरत नाहीत, तेव्हा बाकीच्यांनी द्यायचे. त्यात लपवायला काही नव्हतं, पकडायलाही काही नव्हतं. पोरींना बोलावलं. त्या भिडेखातर एक डाव खेळल्या. कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कळेना. एकीनं जांभई दिली, दुसरीला आईची हाक ऐकू आली. स्वीटीनं नियम दोनदा बदलून पाहिले. फेऱ्या कमी केल्या. जी जास्त दाणे देईल तिला मान द्यायचा असं ठरवलं. तरीही कुणी परत आलं नाही.

"याच्यात मजाच नाई," ती शेवटी स्वतःच म्हणाली.

"नाई," पौर्णिमा म्हणाली.

खेळ म्हणून तो खरंच चांगला नव्हता. मीही खेळून पाहिला आहे.

हा हिवाळा कडक पडला. बाळ आता चालतं, पण थंडी बोचली की पाय पोटाशी घेऊन बसतं आणि कुणाला हात लावू देत नाही. दोनदा दाखल करावं लागलं. भागाबाई अजून पौर्णिमाशी बोलत नाही. पौर्णिमा आली की ती आत जाते. दर महिन्याच्या गोळ्यांना पौर्णिमा स्वीटीबरोबर वर्ध्याला जाते, हे तिच्या कामात मोडत नाही, तरी जाते.

परवा मी त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले होते. धुकं होतं. गाडीला उशीर होता. स्वीटीनं बाळाला दोन स्वेटर आणि वरून शाल घातली होती, त्याचं नाक तेवढं दिसत होतं. तिनं एकाएकी विचारलं, "ताई, रुपेशमामा कोनाले काई म्हने का? म्हंजे, राग येत होता का त्याले?"

पौर्णिमानं बाळाची सरकलेली शाल वर ओढली. "मले नाई मालूम," ती म्हणाली. "आम्ही त्याले कधी विचारलंच नाई."

गाडी आली तेव्हा आत उभं राहायलाही जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला मागून दुसरी आहे. दुसरी नव्हती. त्या तिथंच थांबल्या.